मागच्या भिंतीला

‘दाराजवळ काय शोधताय, रिकाबाई? तुमची मागच्या भिंतीला आहे,’ डिनांट वेसेलिंक म्हणाला, आणि रिकाला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाच्या गाडीबद्दल बोलतोय. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत निळे पडदे होते, तिने स्वतः शिवलेले, इस्त्री करून घडीवर घडी घातलेले. रूलोफ दुपारी नदीकाठी फिरायला जायचा तेवढ्या वेळात तिने ते चोरून शिवले होते. कॅम्परच्या, त्यांच्या त्या फिरत्या घरासारख्या गाडीच्या, खिडक्यांना आजच लावून टाकायचे आणि निघायच्या दिवशी नवऱ्याला चकित करायचं, असा बेत होता. म्हणून त्याला काही न सांगता सायकल काढून ती कालव्याच्या कडेकडेने, समोरून येणारं मार्चचं वारं अंगावर घेत एवढ्या लांब आली होती.

डिनांटच्या बापाच्या वेळी या शेडमध्ये डुकरं असत. डुकरं गेली, शेड राहिली, आणि आता थंडीचे सगळे महिने डेव्हेंटर शहरातल्या लोकांच्या कॅम्पर आणि कॅराव्हॅन इथे अंगावर पांढऱ्या चादरी घेऊन झोपून असत. ‘डुकरांपेक्षा बऱ्या,’ डिनांट म्हणायचा, ‘खात नाहीत. आणि मालकांपेक्षाही बऱ्या, बोलत नाहीत.’ ऑक्टोबरात गाडी आत घेताना तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: बाहेर कधी काढणार? शेड अरुंद, गाड्या एकमेकींना चिकटून. एक मधली काढायची तर पुढच्या सगळ्या हलवाव्या लागत. म्हणून ईस्टरला निघणारे दाराशी, मे महिन्यातले त्यांच्यामागे, शाळांच्या सुट्टीत जाणारे त्यांच्याही मागे. आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, ज्यांचं काही ठरलेलं नाही ते. मागच्या भिंतीला कोण असतं हे रिकाला चांगलं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत येता-जाता तिने डिनांटकडून ऐकलं होतं. एका विधवेची गाडी, जी तिला विकवत नव्हती. बोलणं बंद झालेल्या दोन भावांची. एक म्हातारा वृद्धाश्रमात गेला होता, तो दर वसंतात फोन करून टायरमधली हवा विचारायचा. रूलोफ आणि रिका मात्र नेहमी दाराशी. रूलोफ इतका उतावळा की एका वर्षी बर्फ पडत असताना त्यांनी गाडी बाहेर काढली होती.

‘मागे लावायला कुणी सांगितलं तुला?’

‘कुणी म्हणजे? रूलोफनेच. ऑक्टोबरात मी गाडी न्यायला आलो होतो ना तुमच्या दारात, तेव्हा. तुम्ही आत कॉफी करत होतात. म्हणाला, यंदा मागेच लाव, निघणार नाही.’ डिनांटने टोपी मागे सारून कपाळ खाजवलं. ‘मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.’

‘आहे की माहीत,’ रिका म्हणाली. ‘विसरले.’

‘वय झालं तुमचं.’

‘आणि तुझं?’

‘माझंही झालं. पण मी गाड्या विसरत नाही, माणसं विसरतो,’ तो हसत म्हणाला. पण तिच्याकडे न बघता दाराची कडी उगाच पुसत राहिला.

ती आत शिरली. दोन गाड्यांच्या मधून आडवं होऊन जाता येईल एवढीच फट होती. छातीशी पिशवी धरून, दोन्ही गालांना गार चादरींचा स्पर्श होत ती पुढे पुढे गेली. आत जुन्या डुकरांचा वास अजून होता, खाली, फरशीच्या जवळ. वर रबराचा आणि ओल्या कापडाचा. त्यांची गाडी खरंच भिंतीला होती. चाकांना लाकडी ठोकळे लावलेले, चादर खाली बांधून टाकलेली. दार उघडायला जागाच नव्हती. तिने चादरीचा कोपरा वर करून खिडकीच्या काचेला कपाळ लावलं. आत काही दिसेना. मग डोळे सरावले तशा पुढच्या दोन खुर्च्या दिसल्या, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तिला अगदी स्पष्ट वाटलं की त्या खुर्च्यांवर दोघं बसलेली आहेत. पाठमोरी, भिंतीकडे तोंड करून, निघायच्या तयारीत. तिने चादर सोडली. डोकं टेकायच्या उशा होत्या त्या, तिने मनाशी म्हटलं. पण परतताना ती मागे वळून बघू शकली नाही.

सायकलवर घरी येताना वारं पाठीमागून होतं, पाय मारावेच लागत नव्हते, आणि त्यामुळे विचारांना आडकाठी राहिली नाही. निघणार नाही, असं तो ऑक्टोबरात म्हणाला. आणि नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी, जेवणाची ताटं उचलली की, तो टेबलावर मोठा नकाशा पसरायचा. रूलोफ आयुष्यभर जलमंडळात नकाशे काढायच्या कामावर होता. कागद पसरायची त्याची एक लकब होती, तळहाताने मधून कडेकडे, जशी एखादी बाई पलंगावर चादर घालते तशी. मग कॉफी. कॉफीबरोबर एक बिस्किट, आणि डबा बंद. मग तो बोलायला लागायचा. जर्मनीत शिरून मोझेल नदी धरायची, नदीबरोबर वळत वळत ट्रियरपर्यंत. तिथून लक्झेंबर्ग, तिथे पेट्रोल स्वस्त, टाकी भरून घ्यायची. मग फ्रान्समध्ये उतरायचं, व्होजच्या डोंगरात आठवडाभर राहायचं, आणि येताना बेल्जियमच्या जंगलातून सावकाश घरी. ‘वाच बरं, ट्रियरनंतरचं गाव कुठलं?’ तो विचारायचा. ती वाचायची. ‘हां, बरोबर,’ तो म्हणायचा, जणू तिची परीक्षा घेत होता. त्याला गावांची नावं, घाट, कुठल्या वळणावर बेकरी, कुठल्या मैदानात दुपारी सावली, सगळं पाठ होतं. आणि तो बोलायचा किती! चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात इतकं बोललेला तिला आठवत नव्हता. जेवताना ‘मीठ’ आणि ‘पाऊस’ एवढ्यावर भागवणारा माणूस. या हिवाळ्यात मात्र त्याच्या तोंडाला जणू झरा फुटला होता. एकदा त्याने तिला सांगितलं की लग्नाआधी तो तिच्या घरासमोरून मुद्दाम सायकलची घंटी वाजवत जायचा. ‘मला कधीच ऐकू आली नाही,’ ती म्हणाली. ‘माझी घंटी मोडकी होती,’ तो म्हणाला, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

त्या संध्याकाळींबद्दल फक्त एकच गोष्ट तिला खटकत होती, आणि ती तिने कुणालाच सांगितली नव्हती, मुलीलासुद्धा नाही. बोलताना तो तिच्याकडे बघत नसे. बघायचा तो तिच्या डाव्या कानाच्या जरा पलीकडे, खांद्याच्या मागे, आणि बघता बघता त्याचा चेहरा उजळायचा, जणू तिथे कुणी ओळखीचं उभं आहे. पहिल्यांदा तिने वळून पाहिलं. मागे कपाट होतं, त्यावर नातवंडांचे फोटो. पुढे पुढे तिची मान आपोआप वळायला लागली. दिवसा ती एकटी असतानाही, भांडी घासताना, त्या कपाटाकडे तिची पाठ होऊ नये म्हणून ती बाजूने उभी राहायची. वेडेपणा, ती स्वतःला म्हणायची. पण घरात तिसरं माणूस असल्यासारखी ती वागत होती, हे खरं होतं.

आणि आता, कालव्याच्या काठाने, दोन्ही बाजूंना शेतं पाण्याने चमकत असताना, ते तिसरं माणूस कोण हे तिला एकदम कळल्यासारखं झालं. ते तिच्या बापाकडून आलं होतं.

एन्सखेडेच्या गिरणीवस्तीत एकसारखी विटांची घरं होती, आणि त्यातल्या एका घरात, ती आठ वर्षांची असताना, पुढच्या खोलीत एक लाकडी पेटारा येऊन बसला होता. इतका मोठा की खिडकी निम्मी झाकली गेली. सुताराने त्यावर पांढऱ्या रंगाने बाबांचं आडनाव आणि खाली कॅनडातल्या बंदराचं नाव, ‘हॅलिफॅक्स’, असं लिहिलं होतं. तेव्हा सगळेच जात होते. शेजारचे गेले, दूधवाल्याचे दोघे भाऊ गेले. कॅनडात जमीन होती, तिथे गिरणीच्या भोंग्यावर उठावं लागत नव्हतं. त्या हिवाळ्यात बाबा रोज संध्याकाळी टेबलाशी बसून कॅनडा सांगत. गहू किती उंच वाढतो. नदी गोठली की तिच्यावरून मोटारी कशा जातात. चर्चच्या सभागृहात ते इंग्रजी शिकायला जात आणि घरी येऊन तिला आणि तिच्या भावाला एकेक शब्द शिकवत. लोण्याला काय म्हणतात, बर्फाला काय म्हणतात. एरवी बाबा बोलणारे नव्हते. गिरणीतून आल्यावर कानात अजून मागांचा आवाज घेऊन बसलेले असायचे. त्या हिवाळ्यात ते हसत, आईला चिडवत, ‘कॅनडातल्या बाईसाहेब’ म्हणत. आई पेटाऱ्यात एकेक वस्तू ठेवत गेली. गाद्या, परातीएवढी कढई, हिवाळी कोट. शाळेत निरोप झाला. सगळ्या वर्गाने उभं राहून गाणं म्हटलं, बाईंनी गालाची पापी घेतली.

मग वसंत आला आणि कुणीच कुठे गेलं नाही. एका सकाळी पेटारा नव्हता, खिडकीतून पुन्हा पूर्ण उजेड येत होता, आणि गाद्या जागच्या जागी होत्या. बाबा गिरणीत गेले होते. सुट्टी संपल्यावर ती त्याच शाळेत परत गेली. तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसली होती. बाईंनी तिला शेवटच्या बाकावर, एका दमेकरी पोराशेजारी बसवलं. ‘कॅनडा आली, कॅनडा आली,’ पोरं ओरडली. ते नाव तिला लग्न होऊन वस्ती सोडेपर्यंत चिकटून राहिलं. पण खरी गोष्ट त्याहून वाईट होती. तिला वाटायला लागलं की ते चौघे, आई-बाबा आणि दोघं भावंडं, गेले आहेत. खरोखरच गेले आहेत, बोटीने, पेटाऱ्यासकट. आणि या घरात राहिलंय ते त्यांचं सांडलेलं काहीतरी. तिकडे एक रिका वाढत होती, बर्फात, गव्हात, तिचं इंग्रजी झकास होतं, तिचे बाबा बोलत होते. इकडचे बाबा पुन्हा मुके झाले, आणि चार वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेले. डोंगरात, समुद्रावर, कुठेही नवीन जागी गेलं की तिकडची रिका आपल्याआधी इथे येऊन गेली आहे, असं तिला म्हातारपणापर्यंत वाटत आलं होतं.

आईला तिने विचारलं ते फार उशिरा, आईला ऐंशी उलटल्यावर. तेव्हा कळलं की जाणाऱ्यांच्या छातीचे फोटो काढत, आणि बाबांच्या फोटोत डाग निघाल्याने कॅनडाने नाकारलं होतं. नाताळाच्या आधीच. ते सगळं हिवाळाभर बाबांना ठाऊक होतं.

‘आणि तुला?’ रिकाने विचारलं होतं.

‘मलाही. तपासणीहून आला तो टोपी न काढताच जेवायला बसला. तेव्हाच समजले.’

‘मग तू पेटारा भरत का राहिलीस? बोलली का नाहीस?’

आई बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली. ‘तो इतकं छान बोलायचा गं तेव्हा,’ ती शेवटी म्हणाली. ‘लग्नानंतर पहिल्यांदाच. मी बोलले असते तर थांबला असता.’

रिका तेव्हा रागाने उठून गेली होती. दोन माणसं एकमेकांना फसवत हिवाळाभर गोड बोलत बसली, आणि पोरांना शाळेत निरोपसुद्धा घेऊ दिला. आईला तिने या एका गोष्टीची क्षमा केली नव्हती, आई गेल्यावरही नाही.

ती घरी आली तेव्हा रूलोफ खिडकीशी उभा होता. रस्त्याकडे तोंड, पण तिने हात केला तो त्याला दिसला नाही. ती दारात आल्यावर आवाजावर वळला. ‘कुठे होतीस?’ ‘बाजारात.’ ‘काय आणलंस?’ ‘काही नाही, चांगलं काही नव्हतं.’ पडद्यांची पिशवी तिने जिन्याखाली सारली. इतक्या सहज खोटं बोलता येतं हे पाहून तिला आश्चर्य वाटलं. संध्याकाळी ताटं उचलली गेली, नकाशा पसरला, कॉफी, एक बिस्किट. ‘तर आपण ट्रियरला होतो,’ रूलोफ तिच्या कानापलीकडे बघत म्हणाला. आणि रिकाने, तोंडातून शब्द बाहेर पडताना स्वतःच ऐकत, विचारलं, ‘तिथे आपण दोन रात्री राहू या का?’

असे आठवडे गेले. तिला कळत होतं की आपण पेटारा भरतोय. ओसरीत ठेवलेल्या खोक्यात ती प्रवासाची भांडी, शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी, कॉफीची पाकिटं, घरचे बटाटे ठेवत होती, कारण बाहेरच्या देशात बटाटे चांगले मिळत नाहीत असं त्यांच्यात सगळेच मानतात. खोकं भरेना म्हणून रूलोफ ओरडायचा, आणि ती आणखी काही आणून ठेवायची. दिवसा ती त्याला पारखत राहायची. तो आजारी आहे का? हिवाळ्यात त्याने सायकल काढली नव्हती, रस्ता निसरडा म्हणाला होता. ऑक्टोबरात कॅम्पर स्वतः न नेता डिनांटला बोलावलं होतं, पाठ धरली म्हणाला होता. कुठल्या डॉक्टरने त्याला काय सांगितलं असेल? मग मनात यायचं, कदाचित त्याला दुसरंच काही हवं असेल. कदाचित तो कुठेतरी एकटाच जाणार असेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, संध्याकाळ जवळ आली की तिचं मन मोकळं व्हायचं. तिला त्या संध्याकाळी हव्या होत्या. तो हसायचा ते तिला हवं होतं. विचारलं की तो थांबेल. टेबल पुन्हा मीठ आणि पाऊस यांचं होईल. आई जशी रुमालाची घडी घालत बसली होती तशी ती बसून होती, आणि कपाटाशी, खांद्यामागे, कुणीतरी उभं राहून ते सगळं ऐकत होतं.

एका संध्याकाळी, बाहेर अजून उजेड होता, चिमण्या छपराच्या पन्हळीत भांडत होत्या, रूलोफ व्होजच्या डोंगरातल्या एका जागेबद्दल सांगत होता. तिथून खाली तीन देश दिसतात. ‘पहाटे निघायचं,’ तो म्हणाला. ‘धुकं उतरायच्या आत वर पोचायचं. तू माझ्या शेजारी बस, मी तुला एकेक दाखवीन.’ त्याने टेबलावरून हात पुढे केला, तिचा हात शोधला, आणि त्याचा हात तिच्या हाताच्या शेजारी, रिकाम्या नकाशावर पडला. तिथेच तो थोपटत राहिला, प्रेमाने.

रिकाने त्या हाताकडे पाहिलं.

‘रूलोफ,’ ती म्हणाली, ‘गाडी मागच्या भिंतीला आहे.’

थोपटणं थांबलं. चिमण्यांचा आवाज फार मोठा झाला.

‘डिनांट बोलला?’

‘मी गेले होते.’

‘कशाला?’

‘पडदे लावायला.’

‘कसले पडदे?’

‘निळे. शिवलेत मी.’

‘निळे?’ तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. ‘मला निळा आवडत नाही.’

‘माहीत आहे. मला आवडतो.’

तो खुर्चीत मागे रेलला. मग जे सांगायचं ते त्याने अगदी थोडक्यात, जुन्या रूलोफसारखं सांगितलं. पंचाहत्तरीच्या आधी गाडीच्या परवान्यासाठी तपासणी करावी लागते, ती करायला तो शरदात गेला होता. रक्तदाब ठीक, कान ठीक. डोळे नाहीत. डोळ्याच्या मधोमध झिजत जाणारं काहीतरी. परवाना मिळाला नाही. सुया घेता येतील असं म्हणाले, पण जे गेलं ते गेलं.

‘मधोमध म्हणजे?’

‘जिकडे बघतो तिथेच नसतं. कडेला असतं. ओला डाग पडलाय कागदावर, तसं. तुझ्याकडे सरळ बघितलं की तू नसतेस. जरा बाजूला बघितलं की तुझे केस दिसतात, कान दिसतो, हसतेस ते कळतं.’

रिकाची मान आपोआप वळली. कपाट, त्यावर नातवंडं.

‘म्हणजे माझ्या मागे कुणी नाही?’

‘कोण असणार?’ तो म्हणाला.

तिला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हीच्या ऐवजी राग आला. इतका मोठा राग की ती उभी राहिली. ‘मला का नाही सांगितलंस? मी बटाटे भरतेय! पोरीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, झाडांना पाणी घालायचं ठरवलं! मी काय शाळेतली पोर आहे?’ रूलोफला शाळेतली पोर म्हणजे काय हे कळलं नाही, कारण कॅनडा त्याला फक्त तिचं वस्तीतलं गमतीचं नाव म्हणून माहीत होतं. तिने सांगितलं. उभ्यानेच, पेटारा, छातीचा डाग, शेवटचा बाक, सगळं. आवाज चढत गेला. खिडकीला पडदा नव्हता, समोरचे शेजारी जेवत होते, बघू देत.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘तुझ्या बापाचं कळतं मला.’

‘मला आईचं कळलं,’ रिका म्हणाली. ‘तेच तर वाईट आहे. मला महिनाभरापासून माहीत होतं.’

आता त्याचा चेहरा तिच्याकडे सरळ वळला, म्हणजे त्याला तिचं काहीच दिसत नसणार. ‘महिनाभर? आणि ट्रियरला दोन रात्री राहू म्हणालीस?’

‘म्हणाले.’

‘फसवी आहेस.’

‘तूच शिकवलंस.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. हाच तो वेळ होता ज्याला आई घाबरली होती, आणि रिकाने तो कडेपर्यंत अंगावर घेतला. कॉफी गार झाली. शेवटी रूलोफने नकाशाची घडी घालायला सुरुवात केली. पण घडी अर्धीच घालून, जर्मनीचा तुकडा वर ठेवून, तो कागद त्याने तिच्याकडे सरकवला.

‘तुझा परवाना आहे ना अजून?’

‘मी ती बोटीएवढी गाडी चालवणार नाही. मी आपली छोटी गाडी विकल्यापासून स्टीअरिंगला हात लावला नाहीये.’

‘डोंगर नको. सीमेपलीकडचं पहिलं गाव. तिथे चर्चच्या मागे मैदान आहे, एक रात्र राहू आणि परत येऊ.’

‘आणि गाडी ठोकली तर?’

‘मला दिसणारच नाही,’ रूलोफ म्हणाला.

डिनांटला पुढच्या सगळ्या गाड्या हलवाव्या लागल्या. तो दिवसभर शिव्या घालत होता, कुणा एकाला नव्हे, सगळ्या जगाला. ‘एकदा मागे लावली की मागे, असा नियम आहे माझा,’ तो रिकाला म्हणाला, ‘मेलेल्यांना कुणी उठवत नाही.’ पण ट्रॅक्टर लावून ओढली त्याने ती बाहेर, टायर भरले, काच पुसून दिली. रूलोफ सवयीने चालकाच्या बाजूला गेला आणि दार उघडलं. रिका आधीच तिथे बसली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, तो त्याच्या पद्धतीने, थोडं बाजूला. ‘हं,’ तो म्हणाला, आणि गाडीच्या नाकाला हात लावत लावत पलीकडे गेला.

फाटकात गाडी एकदा बंद पडली. डिनांटने आभाळाकडे पाहिलं. दुसऱ्यांदा निघाली. रिकाचे हात स्टीअरिंगवर असे आवळलेले होते की बोटांची पेरं पांढरी झाली. मागे सामान खडखडत होतं, गाडी रस्त्यापेक्षा रुंद वाटत होती, समोरून ट्रॅक्टर आला की ती श्वास धरायची. रूलोफ कधी या बाजूला बसला नव्हता. पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं, आणि मधूनच त्याचा उजवा पाय हवेत ब्रेक दाबत होता.

‘सांग,’ तो म्हणाला.

‘काय सांगू?’

‘काय दिसतंय ते.’

‘रस्ता दिसतोय! दुसरं काय बघू?’ मग जरा वेळाने, गाडी सरळ रस्त्याला लागल्यावर, ती म्हणाली, ‘दोन्हीकडे नांगरलेलं आहे. कावळे आहेत. एक माणूस कुत्र्याला घेऊन चाललाय, माणूस ओळखीचा नाही.’

‘आता पिवळं घर येईल. हिरव्या दारांचं.’

रिकाने पाहिलं. खोटं बोलायला आता अगदी सोपं होतं. तो म्हणाला होता तसं घर समोर ठेवून द्यायचं, हिरव्या दारांसकट, आणि त्याचा चेहरा उजळताना बघायचं. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘पाडलंय ते. मातीचा ढीग आहे, आणि एक नांगी उचललेलं यंत्र.’

‘कधी पाडलं?’

‘काय माहीत. आता नाहीये.’

तो गप्प झाला. तिला वाटलं, थांबला. आई म्हणाली तसं, झालं, संपलं. तिने स्टीअरिंग घट्ट धरलं.

‘बरं,’ रूलोफ म्हणाला. ‘आणि ढिगाच्या मागे?’

‘मागे तळं. आधी ते घराने झाकलेलं असणार. बदकं आहेत. पाणी घाणेरडं आहे.’

‘घाणेरडं कसं?’

‘कॉफीत दूध नासल्यासारखं.’

तो हसला. ती सांगत गेली. कुंपण मोडलेलं, पोरांचा झोका, चर्चच्या कळसावरचा वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा, वाळत टाकलेल्या चादरी, रस्त्याच्या कडेला मेलेला ससा, तोही सांगितला. कुठे ती चुकायची, झाडाचं नाव चुकीचं सांगायची, आणि तो म्हणायचा ते बर्च नसणार, इथे बर्च नाहीत. मग तिला पुन्हा बघावं लागायचं. तिच्या लक्षात आलं की आयुष्यभर या रस्त्याने जाताना तिने नकाशाच पाहिला होता, मान खाली घालून. बोलता बोलता तिची बोटं सैल झाली. मागे कुणी बसलंय का हे बघायला आरसा होता, आणि तिने त्यात मागून येणाऱ्या गाड्यांसाठीच पाहिलं.

‘सीमा आली की सांग,’ रूलोफ म्हणाला. ‘मला कळत नाहीये आपण कुठे आलो.’

रिकाने रस्त्याकडे पाहिलं. पाट्यांवरची अक्षरं वेगळी होती. रस्त्याची पांढरी रेघ वेगळी होती, घरांच्या विटा वेगळ्या. कधी बदललं होतं, तिला सांगता आलं नसतं.

‘गेली,’ ती म्हणाली. ‘मघाशीच.’